बारा सूत वाकडी मान

माझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, हिरवा ठिपका आहे. नाती विचारतात, "आजी, हे कुंकवाच्या जागी गोंदलंय होय?" मी म्हणते, नाही गं बायांनो, ती खूण आहे, माझी मान मोजायला केलेली. त्यांना वाटतं म्हातारी चेष्टा करते. करते मी चेष्टा, नाही असं नाही, पण ह्या बाबतीत नाही.

मी जन्मले तीच मान वाकडी घेऊन. डाव्या बाजूची शीर आखडलेली, त्यामुळे डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं आणि हनुवटी उजवीकडे. साताऱ्यात आमच्या आळीतली पोरं मला 'तिरकी' म्हणायची. मी दगड मारायची. नेमही चांगला होता माझा, मान वाकडी असली म्हणून काय झालं! पण मोठी माणसं जे "सरळ बस गं, सरळ बघ की" म्हणायची, त्यांना दगड मारता यायचा नाही. आजही मला कोणी सरळ बस म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आणि बाप माझा गवंडी. म्हणजे बघा, देवानं थट्टा करावी तर किती करावी. ज्याच्या हातची भिंत केसभर कलायची नाही, त्याच्या घरात ही अशी लेक. लढाईचे दिवस होते, सिमेंट मिळत नव्हतं, सगळं काम चुन्यात चालायचं, त्यामुळे आबांना उसंत नसायची. दुसऱ्या गवंड्यानं लावलेले तीन थर अर्ध्या सुतासाठी त्यांनी पाडायला लावले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. इंचाचे आठ सूत होतात. तर अर्धा सूत म्हणजे किती, तुम्हीच बघा.

मी अकरा वर्षांची असताना दिवाळीनंतर आबा मला सांगलीला घेऊन गेले. आईचं माहेर तिथलं. माझी मावशी हळदीच्या पेठेजवळ राहायची, तिनंच निरोप धाडला होता की इथं एक डॉक्टर आहेत, हाडाशिरांचं बघतात. डॉक्टरांनी माझी मान दाबून बघितली, वळवून बघितली. मग आबांना म्हणाले, "मिस्त्री, शीर आखडलीय. वय वाढेल तसा चेहराही वाकडा होत जाईल, आणि मग काही करता येणार नाही. तीन महिने तेल लावून मान ताणायची, मी दाखवतो तशी. फरक पडला तर ठीक. नाही पडला तर शीर कापावी लागेल."

कापायची! आमच्या शेजारणीनं निघतानाच सांगितलं होतं की मानेची शीर कापली की वाचा जाते. माझ्या डोळ्यांसमोर कोंबडीच आली.

"फरक पडला हे कळायचं कसं, सायेब?" आबांनी विचारलं. "रोज बघणाऱ्याला काय कळतंय?"

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, मोजा. आठवड्याला एकदा मोजा आणि लिहून ठेवा. आबांनी तिथंच कोटाच्या खिशातून ओळंबा काढला. पितळेचा, दोरीला बांधलेला, आवळ्यापेक्षा थोडा मोठा. दोरी माझ्या कपाळापाशी धरून खाली सोडली. सरळ माणसाच्या हनुवटीवरून ती गेली असती. माझी हनुवटी बाजूलाच राहिली. आबांनी पट्टी धरली आणि म्हणाले, "बारा सूत. दीड इंच." डॉक्टर म्हणाले, "शाबास. हे सहाच्या आत आणा, म्हणजे सुरी लागायची नाही."

सहाच्या आत. पुढचे तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आता मोजायचं म्हणजे काय अवघड, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. पहिल्या आठवड्यात आबा कामावर असताना आईनं बोटांनी मोजलं, अडीच बोटं भरली. आबा आल्यावर त्यांच्या बोटांनी दोनच भरली. आई खूश, म्हणाली बघा, सकाळपासनं कमी झालं! आबांनी कपाळाला हात लावला. मग ठरलं, बोटं नाहीत, फक्त पट्टी. पुढच्या वेळी पट्टीनं चौदा आलं. आईचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी परत धरलं तर दहा. आबा बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसले आणि मग आईला म्हणाले, "अगं, हिला कुक्कू कोण लावतंय?"

"मीच की."

"मग रोज तिथंच लावतीस व्हय?"

आबा दोरी कुंकवावरून सोडत होते. आणि आई बिचारी रोज सकाळी माझा चेहरा जरा सरळ दिसावा म्हणून कुंकू कधी इकडे, कधी तिकडे लावत होती. मोजायची सुरुवातच रोज वेगळ्या जागेवरून! हे मुद्दाम केलेलं नव्हतं हो. पण आबा म्हणाले, "पाया रोज हलत आसंल तर भिंत काय मोजायची?" हनुवटीवर माझ्या गोंदणाचा ठिपका होताच, तिसऱ्या वर्षीच काढलेला. कपाळावर नव्हता. चार दिवसांनी गोंदणारी बाई आळीत आली तशी आईनं तिला धरून बसवलं. मी लय बोंब ठोकली. गोंदणारीण म्हणाली, "गप गं, नवऱ्याला आवडंल." आबा म्हणाले, "नवऱ्याचं ऱ्हाऊ द्या, मधोमध काढा." तिला वाटलं हा माणूस येडा आहे.

तरी माप एकसारखं येईना. मी वैतागून म्हटलं, "आबा, माझी मान न्हाई, तुमचं घरच वाकडं हाय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" आई चुलीपासून ओरडली.

आबा पाणसळ घेऊन आले, ती पाण्याचा बुडबुडा असलेली लाकडी पट्टी, आणि मी उभी राहायची तिथं जमिनीवर ठेवली. बुडबुडा सरकला की एका बाजूला! जमीन खरंच उतरती होती. आमच्या आजोबांनी केलेली जमीन, आणि त्यावर आबा जन्मभर चालले होते. मी इतकी हसले की खाली बसले. आबांना मात्र ते लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी तेवढा तुकडा खणून एक फरशी बसवली, चारी बाजूंनी तपासून. तिच्यावर उभं राहायचं, पाय जुळवून, हात खाली सोडून. श्वास धरायचा, कारण माझ्या नाकातल्या वाऱ्यानंच ओळंबा हलायचा. असं सगळं जमल्यावर माप आलं बारा. आबांनी कोळशानं दाराशेजारच्या भिंतीवर बारा लिहिलं आणि म्हणाले, "आता हितनं खरं."

त्या 'खरं'चं मी काय केलं ते सांगते.

फरशीच्या समोर दाराची चौकट होती, आबांनीच बसवलेली, तिला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि नजर त्या चौकटीवर गेली. नाक तिच्या रेषेत आणावं असं सहज वाटलं. मान तडतडली पण आली. माप आलं दहा. पहिल्यांदा मी मुद्दाम केलं नाही, आईशप्पथ. पण आईनं माझ्या हातावर गूळ ठेवला आणि आबा हसले. आबांना हसताना मी फार बघितलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम केलं.

दहाचे नऊ झाले, नवाचे आठ, मग सात. माप होईपर्यंत मान ओढून धरायची, मग पडवीत जाऊन कळ जिरवायची. घरात आबा असले की मी सावध असायची, आणि रोज बघणाऱ्या डोळ्याला तसंही काही कळत नाही, ते तर आबाच म्हणाले होते. भिंतीवर कोळशाचे आकडे उतरत चालले. शेजारीण बघून गेली. ज्या दिवशी पाच आलं त्या दिवशी आईनं शिरा केला. मला वाटलं, सुटले मी.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. आई मला परड्यात दगडावर बसवून न्हाऊ घालत होती. शिकेकाई डोळ्यांत गेली. मी डोळे घट्ट मिटून "पाणी, आयं, पाणी!" करत उठले आणि चाचपडत दाराकडे आले. दारात आबा भाकरी खात बसले होते. मला दिसलं नाही, पण भाकरी मोडायचा आवाज थांबला तो कळला. आई मागून तांब्या घेऊन धावत आली, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तर आबा माझ्याकडे बघत होते. मी पटकन मान ओढली. तिथंच चुकले. उचललेली मान त्यांना दिसली.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. आबांनी हात धुतले, ओळंबा आणला आणि मला ओल्या केसांनीच फरशीवर उभं केलं.

"डोळं मीट."

मी मिटले.

"आता मान हालीव. ह्या खांद्याकडं, त्या खांद्याकडं. जोरात न्हाई. आता कमी. आजून कमी. आता सोडून दे, जाईल तिकडं जाऊ दे."

मी सोडली. दोरी नाकाला लागून गेल्याचं कळलं. पट्टी हनुवटीला लागली. मग आबा म्हणाले, "बारा."

पुन्हा हलवायला लावली, पुन्हा सोडायला लावली. बारा. तिसऱ्यांदा साडेअकरा, चौथ्यांदा बारा. मी रडायला लागले. मला वाटलं ते आता मला खोटारडी म्हणतील. पण ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि ओळंबा बोटाला लोंबकळत ठेवून म्हणाले, "ह्यो सोडला की आधी हालतो. हिकडं जातो, तिकडं जातो. कमी कमी हुतो आन् थांबतो. आपोआप थांबला की वाचायचा. हातानं धरून थांबीवला, तर त्यो आपल्या मनाचं बोलतो. माझंच चुकलं. मी तुला उभी ऱ्हा म्हणायचो, तुला थांबू द्यायचो न्हाई."

भिंतीवरचे जुने आकडे त्यांनी पुसले नाहीत. पाचाच्या खाली बारा लिहिलं.

त्या आकड्यावरून घरात जी जुंपली! आई म्हणाली, "आवं, पाच हाय म्हणून सांगा की. कोण बघायला येतंय?" आबा म्हणाले, "बारा हाय ते पाच कसं सांगू?" आई म्हणाली, "तुमची भिंत हाय का ती? पोटची पोर हाय. दोन गेली माझी. हिच्या गळ्याला सुरी लावू देणार न्हाई मी." आबांनी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगितलं, चेहरा वाकडा होत जाईल, पुढं इलाज नाही. आई म्हणाली, वाकडी का होईना, जिती तर राहील. दोघांचंही बरोबर होतं आणि मी मध्ये. पण मी आईच्या बाजूला होते, हे उघड सांगते.

सांगलीला निघायच्या सकाळी आईनं शेवटचा डाव टाकला. आबांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "हिची आण हाय तुमास्नी. डाक्टरापुढं हिला डोळं मिटायला सांगायचं न्हाई." आबांचा हात माझ्या डोक्यावर जड झाला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण मोडायची नसते. ती मोडली तर लेकरावर येतं. माझा बाप देवाधर्माचा फार नव्हता, पण हे मोडण्याइतका धीट नव्हता, आणि दोन गेलेली त्याचीही होतीच.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार होती, चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं. सगळ्या वाटेत आबांचा हात कोटाच्या खिशात, ओळंब्यावर. मी मात्र मनातून खूश होते. आता काही झालं तरी मला कापणार नाहीत. मला मोटारीतून बाहेर बघायचं होतं, मावशीकडची भेळ खायची होती.

डॉक्टरांच्या खोलीत खिडकीला उभे गज होते. मी आत जाताक्षणी ते हेरून ठेवले. डॉक्टर म्हणाले, "हं मिस्त्री, काढा तुमचं हत्यार."

मी मधल्या गजाशी नाक जुळवलं. आबांनी कपाळावरच्या ठिपक्यावरून दोरी सोडली. पितळ हललं, थांबलं. त्यांनी पट्टी धरली.

मी वाट बघत होते. कशाची ते मला तेव्हा कळलं नाही. 'डोळं मीट' हे ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं, त्यासाठीच तर मी खूश होते. पण अर्ध्या सुतासाठी तीन थर पाडणारा माणूस माझ्या तोंडासमोर पट्टी धरून उभा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"पाच दिसतंय, सायेब," आबा म्हणाले.

दिसतंय म्हणाले, हाय म्हणाले नाहीत. एवढंच त्यांना जमलं.

"वा!" डॉक्टर उठले. "मग सुरी कशाला? चालू ठेवा तेल." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दौतीत टाक बुडवला. आबा दोरी गुंडाळत होते. ती नेहमी कशी बोटांवर बसायची, रिळावरच्या दोऱ्यासारखी! त्या दिवशी तिचा गुंता झाला. ते मान खाली घालून गुंता सोडवत होते.

मला राग आला, काय सांगू! आईचा, डॉक्टरचा, त्या ओळंब्याचा, सगळ्यांचा. आणि आबांचाही, की हे खाली का बघतायत. साताऱ्यात कोणी माझ्या बापाला खाली बघायला लावलं नव्हतं, आणि मी लावलं होतं, एका गजाशी नाक जुळवून. मला सुरीची भीती वाटत नव्हती असं नाही. पण आण आबांनी घेतली होती. मी नव्हती घेतली.

"डाक्टर, थांबा," मी म्हटलं. "पुन्यांदा मोजा. मी डोळं मिटते."

मी डोळे मिटले. मान हलवली, ह्या खांद्याकडे, त्या खांद्याकडे, कमी, अजून कमी, आणि सोडली. खोलीत कोणी हलेना. मग मला दोरीचा वारा लागला. आबांनी पट्टी धरली. "बारा हाय, सायेब."

डॉक्टर खुर्चीत बसले. मला म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "आबांनी." त्यांनी फक्त स्वतः डोळे मिटून आपली मान इकडेतिकडे हलवून बघितली, आणि मला तशाही स्थितीत हसू आलं.

शीर कापली. वाचा गेली नाही, हे तर तुम्हाला कळलंच असेल. छातीपासून डोक्यापर्यंत प्लास्टर घालून दोन महिने मावशीकडे पडून होते. आई येऊन राहिली होती. आण आबांनी मोडली नव्हती म्हणून तिला त्यांच्याशी भांडता येईना, आणि माझ्याशी भांडायची तिला सोय नव्हती, तेव्हा ती सगळं डॉक्टरांशी भांडली. प्लास्टर निघालं तेव्हा मला वाटलं मी उजवीकडे पडतेय. सरळ होते आणि वाकडी वाटत होते. अकरा वर्षं जे सरळ मानलं तेच अंगात बसलेलं. डोळे मिटले की डोकं आपलं जुन्या जागेकडे निघायचं. डॉक्टर म्हणाले, घाई नको, शीर शिकते हळूहळू, पावसाळा सरेपर्यंत माप घेऊच नका.

दसऱ्याच्या दिवशी आबांनी हत्यारांची पूजा केली. थापी, पाणसळ, ओळंबा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग ओळंबा पाटावरून उचलला आणि फरशीकडे बघून मला म्हणाले, "ये."

मी पाय जुळवले, हात सोडले, डोळे मिटले. मान हलवली आणि सोडून दिली. ठिपक्यावर त्यांचं बोट टेकलं. आई कुठंतरी मागं उभी होती, तिच्या बांगड्या वाजेनात. मी श्वास धरून थांबले. पट्टी लागेल म्हणून थांबले. पट्टी काही लागेना.

छाती फुटायला आली तेव्हा मी डोळे उघडले. ओळंबा माझ्या तोंडापुढं हलत होता. दोरी हनुवटीच्या ठिपक्यावरून इकडे जायची, तिकडे जायची, दोन्हीकडे सारखीच, पुन्हा ठिपक्यावर यायची, पण थांबायची नाही. मी श्वास घेत नव्हते, वाराही नव्हता. वर बघितलं. दोन मजले उंच बांबूच्या परांचीवर एका पायावर उभं राहून दोरी धरणाऱ्या माझ्या बापाचा हात थरथरत होता.

"आबा, हालतोय त्यो," मी म्हटलं.

"हालतोय व्हय," आबा म्हणाले. "थांबंल की. जरा दम धर."

भिंतीवर त्या दिवशीचं माप नाही. मी पुन्हा डोळे मिटले आणि तशीच उभी राहिले. त्यांना बराच वेळ लागला.